सावडीत हाय का?

मुळशीतल्या माले गावात मी दम खायला गेले होते. दमायचं काम मी हिंजवडीत बसल्या जागी, एसीत, कित्येक वर्षं व्यवस्थित करत होते. त्यासाठी गाव बदलायची काही गरज नव्हती.

झालं होतं असं की एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली, दार उघडलं आणि पाय बाहेर टाकावासाच वाटेना. पायाला काही झालेलं नव्हतं. वॉचमनने येऊन काचेवर टकटक केली, तेव्हा ‘हो हो, निघतेच आहे’ असं त्याला म्हणाले आणि तशीच बसून राहिले. नंतर रक्ताच्या होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या झाल्या आणि सगळं नॉर्मल निघालं. माझ्याच रक्ताने मला खोटं पाडलं याचा मला फार राग आला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस काहीच करू नका. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करू? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बिनपगारी रजेसाठी चिठ्ठी लिहून दिली.

मुलगी हॉस्टेलवर होती आणि नवऱ्याला स्वयंपाक येतो, त्यामुळे घर माझ्यावाचून अडणार नव्हतं. ओळखीतून मालेत दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण राहायची, वर पत्र्याच्या खोल्यांत मी. मालकीण साठीची होती. मी तिला मावशी म्हणू लागले, ती मला ताई. तिचे मालक वारलेले. मुलगा पिरंगुटला कंपनीची बस चालवायचा, आणि दिवाळीनंतर सूनही तिकडेच एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. दोघं उजाडायच्या आत निघायची, दिवेलागणीला परतायची. दिवसभर घरात मावशी, एक म्हैस, आणि वर मी.

मी काही नुसती आले नव्हते. संथ जगायचं म्हणून आले होते, त्यामुळे सामान पुष्कळ होतं. मातीची भांडी, हातमागाचे पांढरे कुडते, पितळेचा तांब्या, बसायला दर्भाचं आसन. फोन कपड्यांच्या खाली ठेवून दिला होता आणि दिवसातून एकदाच बघायचा असा नियम केला होता. तो नियम पाळायला इतके कष्ट पडायचे की दुपारपर्यंत मी गळून जायचे. घास बत्तीस वेळा चावायचा असं कुठेसं ऐकलं होतं, तेही करत होते. मावशीने दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “ताई, जेवान जात न्हाई का? कवळी बसवलीया?” मी म्हणाले, नाही, मी सावकाश जेवतेय. “मग ठीक हाय,” ती म्हणाली आणि म्हशीचं शेण काढायला निघून गेली.

तिच्याशी बोलायला मला आवडायचं, पण तिला वेळ नसायचा. म्हैस, डेअरी, चूल, भाताच्या रोपाची राखण. रात्री जेवल्यावर ती टीव्हीसमोर बसायची आणि मालिकेतल्या सुनेला पाहता पाहता बसल्या बसल्या झोपायची. तिचा एक गुडघा कायम सुजलेला असायचा. जिना चढताना ती कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबायची, आणि थांबण्याचं कारण म्हणून काहीतरी बोलायची.

आषाढातल्या एका संध्याकाळी ती अशीच पायरीवर थांबली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दुधाची रिकामी बरणी तिच्या हातात होती.

“ताई,” ती म्हणाली, “यंदा तुमी हाय का सावडीत?”

मी अकोल्याची, नोकरदारांच्या कॉलनीत वाढलेली. आमच्या घरी शेती कधीच नव्हती. इकडे आल्यापासून मला एक कळलं होतं की शब्द तेच असले तरी इथे त्यांची ओढाताण वेगळी असते. तेव्हा मी शिकल्यासवरल्या बाईसारखं मनातल्या मनात मावशीचं व्याकरण दुरुस्त केलं. सवडीत आहे का, असं विचारतेय. मला बरंच वाटलं. इतक्या वर्षांत कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता.

“आहे ना मावशी,” मी म्हणाले. “सवडीतच आहे. त्यासाठीच तर आलेय.”

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. “बघा बरं. झेपंल का?”

“झेपेल की. सवयीने सगळं जमतं.”

“बरं,” ती म्हणाली आणि तशीच खाली उतरली. वर कशाला येत होती ते सांगितलंच नाही.

सकाळी उजाडता उजाडता दारावर थाप पडली. मावशी कमरेला साडी खोचून उभी होती. एका हातात तिचं एक जुनं लुगडं, दुसऱ्या हातात निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ. म्हणाली, “चला.” मला वाटलं, लावणी दाखवायला नेतेय. मी हरखलेच. फोन घेऊ का, असं विचारलं. “कशाला? भिजंल की.” मी लुगडं गुंडाळलं, डोक्यावर खोळ घेतली आणि तिच्यामागून बांधावरून निघाले. आपल्याला कुणीतरी आपल्यात घेतलं म्हणून छाती भरून आली होती.

शेत मावशीचं नव्हतं, शेजारणीचं होतं. शेजारीण म्हणजे पलीकडच्या घरातली, मावशीच्याच वयाची, दोन शेतं ओलांडून ऐकू जाईल असा आवाज असलेली बाई. खाचरात नऊ-दहा बायका ओळीने वाकलेल्या होत्या. मला ओळीत उभं केलं आणि हातात रोपांची एक मूठ दिली. मुठीतल्या चार काड्या ओढायच्या, बोटांनी चिखलात खोचायच्या, मागे सरायचं. मी खोचलेली रोपं दोन पावलं मागे सरेपर्यंत वर येऊन तरंगायची. माझ्या बाजूची बाई न बोलता ती पुन्हा खोचायची आणि तरीही माझ्या पुढेच असायची. तासाभराने मी सरळ उभी राहायला गेले तर कंबर आली नाही, नुसते खांदे वर आले. सगळ्या हसल्या, मीही हसले. एका दिवसाची गंमत आहे असं समजून माणूस पुष्कळ काही सोसतो.

दुपारी पडवीत जेवायला बसलो. ज्याचं शेत त्याचं जेवण. भाकरी, वाटाण्याची आमटी, सुकटाची चटणी. मी घास मोजले नाहीत. दुसऱ्या भाकरीला हात घातला आणि म्हणाले, “फार मजा आली. उद्या मात्र मी काही उठणार नाही.”

आमटी वाढता वाढता शेजारणीचा हात थांबला. “म्हंजी? उंद्या वरच्या आळीचं खाचर हाय.”

“असेल. पण मी तर—”

“तू मावशीकडनं सावडीत हायेस ना? तीच म्हणली काल, भाडेकरीण येतीया म्हणून.”

मग मला सावड कळली. सगळ्यांनी मिळून, एकमेकींना मध्येच तोडत ती समजावून सांगितली. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. ज्या घराची दोन माणसं सगळ्यांच्या शेतात वाकतात, त्या घराच्या शेतात सगळे वाकतात. पैशाचा व्यवहार नाही. मावशीच्या घरातून आजवर ती आणि सून अशा दोघी यायच्या. सून आता पॅकिंगला. तिची रजा मिळायची नाही, मुलाचीही नाही. म्हणून दुसरं माणूस मी. आणि मी उठले नाही तर मावशीचं घर सावडीतून गेलं. मजुरीने बायका आणाव्यात तर लावणीच्या दिवसांत त्या मिळत नाहीत. म्हणजे मावशीचं खाचर यंदा पडीक.

मी मावशीकडे पाहिलं. ती भाकरीकडे बघत होती, मान वर करत नव्हती. बिचारी तोंडाने काही बोलत नाही, पण जीव मुठीत धरून बसलीय, असं मला वाटलं. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडेच बघायची. ऑफिसात कुणी सुट्टीवर गेलं की त्याचं काम माझ्याकडे यायचं, कारण मी नाही म्हणणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘नाही’ हा शब्द मला येत नव्हता असं नाही. पण समोरच्याचा चेहरा पडलेला बघायचा त्रास कामाच्या त्रासापेक्षा मोठा वाटायचा.

“येते की,” मी म्हणाले.

“लई भारी,” शेजारीण म्हणाली. मावशीने भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवून तिथेच धरून ठेवला.

मग जे सुरू झालं त्याला संथ जगणं म्हणायचं असेल तर ऑफिसात आम्ही योगनिद्रा करत होतो. लावणीइतकी घाई मी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पाहिलेली नाही. रोप वयात आलं की थांबत नाही, काडी निबर होते. चिखलणीचा पॉवर टिलर भाड्याचा, तो आज याच्या खाचरात तर उद्या त्याच्या, आणि तो पुढे गेला की मागे बायका पोचायलाच हव्यात, नाहीतर चिखल बसतो. पाऊस जास्त आला तरी घाई, उघडला तरी घाई. एकीची म्हैस व्यायली, ती दुपारी घरी पळाली आणि तिची राहिलेली ओळ उरलेल्यांनी वाटून घेतली. चहा बांधावर उभ्यानेच. “उरका गं, उरका,” हे मी जितक्या वेळा ऐकलं तितकं आमच्या साहेबांच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. ते बिचारे निदान ‘प्लीज’ म्हणायचे.

संध्याकाळी वर चढताना मीही आता कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबू लागले. मातीच्या भांड्यांत स्वयंपाक करायचं त्राण नसायचं. मावशीच खालून ताट पाठवायची, किंवा मीच खाली तिच्या चुलीपाशी बसून जेवायचे. समोर मालिका चालू असायची आणि दोघी बसल्या बसल्या झोपायचो. एकदा सुनेने आमच्या अंगावर एकच चादर घातलेली होती. कधीतरी या दिवसांतच मावशी मला ताईवरून ‘अगं’वर आणि ‘तुमी’वरून ‘तू’वर आणून बसली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

डोकं शांत झालं का, असं मैत्रिणी नंतर विचारायच्या. झालं. पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. दमलेल्या बैलाचं डोकं जितकं शांत असतं तितकंच झालं होतं. त्याला कुणी ध्यान म्हणत असेल तर म्हणो बापडे. मला दिवसभर फक्त पुढची मूठ दिसायची, आणि ती संपली की कुणीतरी दुसरी मूठ पायाशी टाकायचं.

शनिवारी नवरा आला तो सरळ शेतावरच. बांधावर छत्री धरून उभा राहिला. मी चिखलाने माखलेली, तोंडावर केस चिकटलेले. त्याने मला ओळखायला जरा वेळ घेतला. म्हणाला, “तू विश्रांतीला आलीस की रोजगार हमीवर?” मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. रडू कुणाला दिसलं नाही, पाऊस होता. संध्याकाळी तो गंभीरपणे म्हणाला, “घरी चल. हे सोड. तुझं काय अडलंय?” मी म्हणाले, मावशीची पाळी सगळ्यांत शेवटी आहे. मी आत्ता सोडलं तर तिचं शेत तसंच राहील. “मग राहू दे ना,” तो म्हणाला. मला त्याचा राग आला. असं कसं राहू दे?

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि त्या दिवशीचं खाचर नेमकं रस्त्याकडेचं. ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, गाणी मोठ्याने लावलेली. एक गाडी थांबली आणि तीन-चार पोरीपोरं खाली उतरली. एक मुलगी आमच्याकडे पाठ करून, हात पसरून फोनमध्ये बोलत होती, “बघा ना, इथे किती शांतता आहे. घाई नाही, डेडलाइन नाही.” एक मुलगा मला म्हणाला, “आंटी, ज़रा इधर देखो ना. स्माइल!” मी बघितलं. तो ज्या प्रकारचा टी-शर्ट घालून होता तसला माझ्या कपाटात आहे, कंपन्या दरवर्षी वाटतात. त्याला सांगावंसं वाटलं की बाळा, मीही तुझ्यातलीच. पण तोंड उघडायचाही कंटाळा आला होता. शेजारणीने मात्र मान वर न करता विचारलं, “शांतता पायजे व्हय? या की खाली. रोपं लई हायेत.” पोरं हसत गाडीत बसली. मी कुणाच्या तरी फोनमध्ये मुळशीची कष्टकरी बाई म्हणून अजून असेन.

मावशीच्या पाळीच्या आदल्या दिवशी माझ्या पायांनी दगा दिला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी सोलून लाल झाली होती, आणि अंगात कणकण भरली होती. मी दुपारीच घरी आले आणि चटईवर पडले. मावशी संध्याकाळी वर आली. हातात वाटीत हळद घालून कोमट केलेलं तेल. माझे पाय मांडीवर घेतले आणि एकेका बेचक्यात तेल सोडू लागली. मला फार लाज वाटली. तिचा गुडघा दुधीभोपळ्याएवढा झाला होता.

“राहू दे,” ती म्हणाली. “उंद्या तू येऊ नगंस.”

“मावशी, उद्या तुमचं शेत आहे.”

“असू दे की. म्या सांगते त्यास्नी. आजारी माणसाला कोन काय म्हणतंय? माझं एकलीचं काय व्हईना, म्हणंन. यंदा ऱ्हाऊ दे पडीक.”

एवढे दिवस ही बाई दुसऱ्यांच्या शेतात राबली, आणि आता स्वतःची पाळी आली तर माझ्यासाठी शेत सोडायला निघाली. हा मोठेपणा मला पेलवेना. मी उठून बसले, तिचा हात धरला आणि म्हणाले, “असं कसं? काही झालं तरी मी येणार.”

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. “तुला ताप हाय.”

“गोळी घेते. येतेच मी.”

“बरं,” ती म्हणाली. वाटी उचलली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. दारात क्षणभर थांबली, मग खाली उतरली.

तिच्या शेतात सगळ्या आल्या. मी गोळी घेऊन, पायांत मुलीचे जुने मोजे घालून उतरले. ते मोजे पहिल्याच खाचरात चिखलाने ओढून घेतले आणि परत दिले नाहीत. शेजारीण त्या दिवशी गाणं म्हणत होती. शेवटचं घर होतं, सगळ्यांच्या अंगात सुटीचा वारा आला होता. ऊन-पावसाचा खेळ चालला होता आणि वरच्या बांधावरून पाणी खळाळत खाली येत होतं. दिवस कलायच्या आत सगळं खाचर हिरवं झालं. मी बांधावर उभी राहून ते पाहिलं आणि मला खरंच वाटलं की आयुष्यात एक काम मी शेवटापर्यंत केलं, आणि त्याने कुणाचं तरी भलं झालं. इतकं समाधान मला कुठल्याही बढतीत मिळालं नव्हतं. मावशीने वड्या आणि खीर केली होती. वाढताना ती गप्प होती. दमली असेल, मी मनाशी म्हणाले.

संध्याकाळी सगळ्या पांगल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मावशीने घमेल्यात ऊन पाणी आणलं, त्यात मीठ टाकलं. एकाच घमेल्यात चारी पाय सोडले. माझ्या चिखल्यांना मीठ असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू बरं वाटलं.

मी जरा ऐटीतच होते. म्हणाले, “मावशी, मी मध्येच सोडलं असतं तर तुमचं शेत पडीक राहिलं असतं.”

“राहिलं असतं,” ती म्हणाली.

“म्हणून मी धरून ठेवलं. नाहीतर कधीच पडले असते अंथरुणावर.”

तिने पाण्यात पायाची बोटं हलवली. मग म्हणाली, “तुला एक सांगू का? रागावू नगंस.”

“सांगा की.”

“मला तेच पायजे हुतं.”

मला कळलं नाही. “काय पाहिजे होतं?”

“पडीक ऱ्हायला पायजे हुतं. दोन सालं झाली, माझ्यानं व्हत न्हाई गं. ह्यो गुडघा बघ. पोरगं म्हणतंय, सोड आई, तांदूळ इकत घिऊ. पर सावड आपणहून कशी मोडायची? लग्न हून आले तवापासनं ह्या बायांसंगं वाकतीया. मी सोडते म्हणलं असतं तर त्या काय म्हणल्या असत्या, हिला सून कमवाया लागली तशी मस्ती आली. माणूसच न्हाई म्हणलं तर कोण काय बोलणार? म्हणून तुला इचारलं.” ती थांबली. “म्हणलं, ही शहरातली बाई. घास मोजून खातीया. ही कशाला व्हय म्हणंल? ही न्हाई म्हणली की मी सांगायला मोकळी, की बाई, मी भाडेकरणीला सुदिक इचारलं. आन् तू म्हणालीस, त्यासाठीच तर आलेय.”

आधी मला राग आला. माझी कंबर, माझे पाय, माझी रजा. मग पडवीतली ती भाकरी आठवली, काल संध्याकाळचा दारातला थांबलेला पाय आठवला, आणि मी तिचा हात धरून म्हटलेलं ‘काही झालं तरी मी येणार’ आठवलं. बाई दोनदा सुटायला बघत होती आणि दोन्ही वेळा मीच तिला धरून चिखलात ओढलं होतं. राग कुठे ठेवावा तेच कळेना. मग मी तिला माझी बाजू सांगितली, की मला सावड म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, मी सवड ऐकलं होतं. तिला ते दोन शब्द वेगळे आहेत हे पटायलाच जरा वेळ लागला. पटल्यावर ती हसली. मीही हसले. पण दोघींच्या अंगात हसायलासुद्धा जोर नव्हता, तेवढ्यातच संपलं.

पाणी कोमट व्हायला लागलं होतं. तिने पाय काढले नाहीत.

“आता लावलंय म्हणल्यावर कापाया बी लागंल,” ती म्हणाली. “दिवाळीच्या तोंडावर. कापणीची सावड निराळी नसती, हीच चालती.” ती समोर अंधारत चाललेल्या रस्त्याकडे बघत होती. “तू असशील का तवा? येशील का?”

माझी रजा तोवर संपणार होती, पण ते काही कारण नव्हतं. दोन दिवस सुट्टी काढून येता आलं असतं. हो, येईन की, असं माझ्या तोंडात तयारच होतं. मी ते तसंच तोंडात धरून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. गुडघ्यावरचा हात मात्र घट्ट झाला होता.

“नाही,” मी म्हणाले. “मी कापणीला येणार नाही.”

पुढे ‘सॉरी’ जोडलं नाही, कारण दिलं नाही. मला फार उघडं पडल्यासारखं वाटलं.

“नक्की?”

“नक्की. नाही येणार.”

मावशीने पाय बाहेर काढले. ओल्या पायांनीच ओट्याच्या टोकाला गेली आणि कुंपणापलीकडे शेजारणीला हाक मारली. शेजारीण भांडी घासत होती. “अगं, ऐकलं का? आमची भाडेकरीण कापणीला न्हाई म्हणतीया. आता मी एकली काय करणार? मशीनच आणावी लागंल बघ. आमचं नाव आता काढा सावडीतनं.” आवाजात इतकं दुःख होतं की क्षणभर मलाही खरं वाटलं. ही बाई मालिका उगाच बघत नव्हती.

पलीकडचं भांडं वाजायचं थांबलं. मला वाटलं, आता तो दोन शेतं ओलांडणारा आवाज येईल आणि माझा उद्धार होईल. पण शेजारीण अगदी हळू म्हणाली, “मग माझं तरी कोण हाय? पोरगी तर नर्सिंगला चालली. माझं बी काढू दे मग.”

“तुझं बी?”

“व्हय. मी कुटनं सांगणार हुते आधी? तू हायेस तवर म्या कशी सोडू?”

दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने पलीकडे भांडी पुन्हा वाजू लागली. मावशी परत आली, ओट्यावर बसली आणि पाय घमेल्यात सोडले.

“सुटलो एकदाचं,” ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती हसेल. तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि तसंच धरून ठेवलं. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मला बरं वाटत होतं आणि फार वाईटही वाटत होतं. मी पाण्यात हात घालून पाहिला. पाणी गार झालं होतं. मग मी उठले आणि आत जाऊन चुलीवर दुसरं तापायला ठेवलं.